नकाशाच्या पाठीवरचा पहिला नियम

हैदराबादेतल्या अंबरपेठेत लाकडाच्या अड्ड्यामागे एक आंब्याचं झाड आहे. छप्पनच्या ऑक्टोबरात रोज सकाळी सातला त्या झाडाखाली दोनशे माणसं जमत आणि सगळ्यांचे डोळे एका पांढऱ्या घमेल्यावर लागलेले असत. इनॅमलचं साधं घमेलं, कडेला निळी रेघ. घमेल्यामागे पाणीवाले महाराज. समोर कावीळ झालेला माणूस हात पसरून बसे. महाराज ओल्या फडक्याने त्याचे हात कोपरापर्यंत पुसत, मग तांब्यातलं नितळ पाणी त्यावर ओतत. ते पाणी हातांवरून ओघळून घमेल्यात पडेपर्यंत हळदीसारखं पिवळं होई.

"निकल्या जी, निकल्या," मागून कोणीतरी पुटपुटे. बायका डोळे पुसत. तान्ही पोरं उंच धरून त्यांना ते पाणी दाखवलं जाई.

महाराजांचं बोलणं तयार होतं. "मैं कुछ नई करताउं, माई. ना मंतर, ना धूप, ना देव. मैं नई बोलताउं, पानीच बोलता. तुमच्या डोळ्यांनी बघा. दिसतंय का पिवळं? मग ते कुठनं आलं? माझ्या घरनं आलं?" लोक हसत आणि मान डोलावत. अकरा दिवस, अकरा धुण्या; या हात धुण्याला तिथे धुणी म्हणत. अकराव्या दिवशी पाणी नितळ आलं की रोगी बरा. नितळ यायचंच, याची महाराजांना आमच्या शाळेच्या घंटेपेक्षा जास्त खात्री होती.

मी तापट माणूस आहे आणि असल्या गर्दीत मला उभंसुद्धा राहवत नाही. पण त्या शुक्रवारी मी तिथे भांडायला गेलो नव्हतो. माझ्या वर्गातली एक मुलगी आठ दिवस शाळेत आली नव्हती, तिला शोधत गेलो होतो. ती मला दिसली. घमेल्यापासून दोन हातांवर उकिडवी बसली होती आणि गुडघ्यावर वही ठेवून लिहीत होती. घमेल्यासमोर तिची आई होती.

मुलीचं नाव भामा. सातवीत. बाप भिवाजी, नांदेडकडचा, महसूल कचेरीत चपराशी. आई सखू. मी हिम्मतराव, अंबरपेठेतल्या मराठी शाळेचा विज्ञानाचा मास्तर. तेव्हा हैदराबाद राज्याचे तीन तुकडे व्हायचे होते, एक नोव्हेंबरला. मराठवाडा मुंबईकडे चालला होता आणि त्याबरोबर कचेऱ्यांतली मराठी माणसं. जूनमध्ये माझ्या वर्गात एकतीस मुलं होती, दसऱ्यानंतर चौदा. मी शिकवत कमी होतो आणि शाळा सोडल्याचे दाखले जास्त लिहीत होतो.

आमच्या प्रयोगशाळेत एक स्पिरिटचा दिवा, सात परीक्षानळ्या आणि पानवाल्याकडून मागून आणलेला चुना, एवढंच होतं. कागदही मिळत नसे. म्हणून हेडमास्तरांनी मला हैदराबाद राज्याचा भिंतीवरचा मोठा नकाशा दिला. म्हणाले, "आता हे राज्यच राहत नाही, मागची बाजू वापरा." मी त्या नकाशाच्या पाठीवर ठळक अक्षरांत वर्गाचे नियम लिहिले आणि तो उलटा टांगला. पहिला नियम मला फार आवडायचा. स्वतःच्या डोळ्यांनी पाहाल तेच खरं माना. पुढे होतं, की आधी काय झालं आणि मग काय, ते क्रमाने लिहा. लिहिलेलं रबराने खोडू नका. चुकलं तर वर एक रेघ मारा, पण खालचं वाचता आलं पाहिजे. काही फुटलं तर येऊन सांगा, शिक्षा होणार नाही. आणि शेवटचा नियम माझ्यासाठी होता. कोणी न सांगता तीन दिवस आलं नाही तर मी घरी येईन.

तीन दिवस म्हटलं होतं. मी नवव्या दिवशी आलो. दाखले लिहीत होतो, ही सबब खरी आहे आणि ती कामाची नाही.

मी सखूकडे पाहिलं. डोळे लिंबासारखे पिवळे, आणि आश्विनातल्या उन्हात बाई चादर लपेटून कुडकुडत होती. त्या दिवशी घमेल्यातलं पाणी थोडं फिकट उतरलं. गर्दीतून समाधानाचा सुस्कारा आला. महाराजांनी दोन बोटं वर केली. अजून दोन दिवस.

मी भिवाजीला बाजूला घेतलं. "भिवाजी, हिला थंडी वाजून ताप येतोय. डॉक्टरांना दाखवलंत?"

"दाखवलं की, मास्तर. नल्लकुंट्याच्या सत्यवती डॉक्टरीणबाईला. त्या म्हणल्या, पित्ताचा खडा नळीत अडकलाय, मोठ्या दवाखान्यात न्या, पोट कापावं लागतंय."

"मग?"

"मग काय. पोट कापून आमच्या गल्लीतलं कोणी वापस आलेलं मी बघितलं न्हाई. आन् एक तारखेला मला औरंगाबादेत हजर व्हायचा हुकूम हाय. हिला इथं टाकून जाऊ का? नोकरी सोडू का? इथं अकरा दिवसांत होतंय म्हणल्यावर..."

मला राग आवरला नाही. "तुम्ही, भिवाजी? दसऱ्याला नागपूरला जाऊन दीक्षा घेतलीत. सगळ्या वस्तीत तुम्हीच पेढे वाटलेत. आणि इथे बुवापुढे रांग लावून बसलात?"

त्याला लाज वाटली नव्हती. दुखावला होता. "मास्तर, इथं देव असता तर मी पायरीला पाय लावला नसता. हात वर करून शपथ घेतलीय मी, ती काय खोटी घेतली? पण ह्यात देव कुठंय सांगा. मंतर न्हाई, अंगारा न्हाई. नुसतं पाणी. मी तर येतच नव्हतो. पोरीनं आणलं."

"भामाने?"

"हौ. ती म्हणली, बा, आधी मी बघून येते. दोन दिवस येऊन बघितलं, वहीत लिहिलं, मला वाचून दाखवलं. म्हणली, आमच्या गुरुजींचा पयला नियम हाय, डोळ्यांनी दिसंल ते खरं. मी डोळ्यांनी बघितलंय, पाणी पिवळं होतंय." त्याने मान खाली घातली. "मी अडाणी माणूस. तुमच्या नियमावर विश्वास ठेवला."

आयुष्यात पहिल्यांदा कोणीतरी माझं शिकवणं इतक्या मनापासून पाळलं होतं, आणि त्याचं फळ समोर चादर लपेटून कुडकुडत बसलं होतं.

भिवाजी बायकोला सायकलरिक्षात घालून घरी घेऊन गेला. दवाखान्याचं नाव काढलं तरी "दोन दिवस, मास्तर, फकस्त दोन दिवस" एवढंच म्हणत होता. मी भामाला म्हणालो, "वही घेऊन माझ्याबरोबर चल."

वर्गात बसून मी ती वही वाचली. वीस वर्षांच्या नोकरीत इतकी चांगली वही मी पाहिली नव्हती. तारीख, वेळ, क्रम. एकही शब्द रबराने खोडलेला नाही. महाराज ओल्या फडक्याने हात पुसतात, फडकं तपकिरी आहे, तुरट वास येतो. मग तांब्यातलं पाणी. मग पिवळं. चौथ्या दिवशी शेजारच्या गंगूबाईच्या बोटांना स्वयंपाकाची हळद होती, तांब्यातल्या पाण्याचे थेंब तिच्यावर उडाले, हळद लाल झाली, लोक म्हणाले हिचं पाप निघालं. सहाव्या दिवशी लिहिलं होतं, महाराज बसतात त्या झाडाचं खोड मागच्या अंगाने सोललेलं आहे.

"भामा, हळद लाल कशाने होते?"

तिने मान वर केली. हा प्रयोग आम्ही ऑगस्टात केला होता. हळदीचा कागद तिनेच बुडवला होता आणि वर्गात सगळ्यांना दाखवत फिरली होती.

"चुन्याच्या निवळीनं," ती म्हणाली.

"मग तांब्यात काय आहे?"

"निवळी." तिने वही जवळ ओढली. "गुरुजी, मी लिवलं होतं. तरी माझ्या ध्यानात आलं न्हाई."

ध्यानात कसं येणार. वर्गातला चुना वर्गात आणि महाराजांचं पाणी महाराजांकडे, असं आम्ही सगळेच धरून चालतो. मी तिला अड्ड्यावर पाठवलं. तिने त्याच आंब्याची मूठभर आतली साल खरवडून आणली. आम्ही ती ठेचून पाण्यात भिजवली, तासाभराने फडक्याने गाळली. पाणी चहासारखं, तुरट वासाचं. मी माझा हात त्या फडक्याने पुसला आणि तिला निवळी ओतायला सांगितलं.

बशीत पिवळं पाणी पडलं. घमेल्यातलं होतं तसंच, रतीभर कमी नाही.

भामा त्या बशीकडे बघत राहिली. मला वाटलं होतं ती हसेल, मुलं असा प्रयोग जमला की हसतात. ती म्हणाली, "तुम्हाला तर कावीळ न्हाई, गुरुजी."

"नाही."

"मग मायची कावीळ?"

"आहे तिथेच आहे. पोटात."

तिने दोन्ही हातांनी तोंड झाकून घेतलं. मीही रडलो, हे इथे लिहून ठेवतो. मग तिनेच डोळे पुसले. "बा तुमचं ऐकणार न्हाई. माझंबी न्हाई. इथं करून दाखवलं तर म्हणंल, ही शाळंची जादू, ती महाराजाची. त्याला तिथंच दिसाय पायजे, मायच्याच हातावर." तिने बशी पुसून ठेवली. "माय एकच हाय ना, गुरुजी. पण तिचे हात दोन हायत."

ही गोष्ट माझ्या नियमांत नव्हती. ती वर्गात मी कधी सांगितलीच नव्हती.

शनिवारी सकाळी आम्ही गेलो. दहावी धुणी. सखूला आता बसताही येत नव्हतं, भिवाजीने तिला मागून धरलं होतं. महाराजांनी तिचा उजवा हात पुसला आणि डाव्याकडे फडकं नेलं, तेवढ्यात भामाने आईचा डावा हात आपल्या दोन्ही हातांत घट्ट धरला.

"ह्यो राहू द्या. ह्याला फडकं लावू नका. नुसतं पाणी घाला." आणि तिने शाळेची पांढरी बशी पुढे ठेवली.

"छोड बेटी," महाराज हसून म्हणाले. "दोनो हात पोछना पडता. अंगावरची धूळ निघाली पाहिजे."

"हात मी घरी साबणानं धुतलाय."

"ऐसा नई करते, माँ. नियम हाय."

मी पुढे झालो. "महाराज, तुम्हीच सांगता, मी काही करत नाही, पाणीच बोलतं. मग बोलू द्या की पाण्याला. फडकं कशाला मध्ये?"

गर्दीत कुजबूज सुरू झाली. कोणी म्हणालं मास्तरला हाकला, कोणी म्हणालं बघू तरी. महाराजांनी तांब्या खाली ठेवला आणि भिवाजीकडे वळले. "भाई, दस दिन की मेहनत हाय. अब्बी टोका तो मेरी जिम्मेदारी नई. तूच सांग."

भिवाजी बायकोकडे पाहत होता, मग मुलीकडे. त्या माणसाच्या तोंडावर जे होतं ते मला पुन्हा बघायचं नाही. तो आयुष्यभर दुसऱ्याच्या हुकमावर उठला-बसला होता, आणि आता दोनशे माणसं त्याच्या हुकमाची वाट बघत होती.

"घाला पाणी," तो म्हणाला. "दोन्ही हातांवर. पोरगी म्हणती तसं."

महाराजांनी आधी उजव्या हातावर ओतलं. घमेल्यात पिवळं पाणी पडलं. डावा हात भामाने बशीवर धरला. त्यावर पाणी ओतलं, ते मनगटावरून ओघळलं आणि बशीत जमलं. बशीच्या तळाची चीर त्या पाण्यातून स्वच्छ दिसत होती.

मी सदऱ्याची बाही वर केली. "आता मला पुसा."

महाराज हलले नाहीत. फडकं भिवाजीने उचललं. माझा हात पुसला, तांब्या घेतला, ओतला. पिवळं. मग त्याने स्वतःचा हात पुसला आणि ओतला. पिवळं. गंगूबाई पुढे आली, तिचाही. पिवळं.

"डाव्या हातात कावीळ नसतीच," महाराज घाईने म्हणाले. "ती सीधे अंग में रैती, उजव्या."

"मग नऊ दिवस दोन्ही हात कशाला धूत होता?" भिवाजीने विचारलं. त्याचा आवाज अगदी हळू होता. "मी इथंच बसून होतो ना."

मी लोकांना झाडाचं सोललेलं खोड दाखवलं. तांब्यात हळदीची चिमूट टाकली, ती लाल झाली. सांगितलं, की आंब्याच्या सालीचं पाणी फडक्याने हाताला लागतं, त्यावर चुन्याची निवळी पडली की पिवळं होतं. शेवटच्या दिवशी फडकं साध्या पाण्यात भिजवलं की झालं, धुणी नितळ. मग इतके लोक बरे कसे झाले, असं एकाने विचारलं. सांगितलं, की बहुतेकांची कावीळ पथ्याने आणि विश्रांतीने आपोआप उतरते, घरी बसूनही उतरली असती. ज्याची उतरत नाही त्याला डॉक्टर लागतो, आणि त्याचे दिवस इथे वाया जातात. काहींनी ऐकलं. काही रांगेतली आपली जागा जाऊ नये म्हणून तिथेच उभे राहिले. हे मी माझ्या डोळ्यांनी पाहिलं.

भिवाजी थांबला नाही. त्याने सखूला उचलून रिक्षात घातलं. मोठ्या दवाखान्यात त्याच दुपारी शस्त्रक्रिया झाली. खडा हरभऱ्याएवढा होता आणि त्याच्यामागे सगळा पू भरला होता. सत्यवतीबाई स्वतः नल्लकुंट्याहून बघायला आल्या. बाहेर येऊन मला मोडक्या उर्दूत म्हणाल्या, "नौ दिन पहले लाते तो मैं कुछ बोल सकती थी, मास्टरसाब."

एक नोव्हेंबरला शहरात नवं राज्य आलं. भिवाजी औरंगाबादेत हजर झाला नाही, दवाखान्याच्या व्हरांड्यात बसून होता. तीन तारखेला पहाटे सखू गेली.

आता पुढचं सांगतो, कारण ते सांगितल्याशिवाय ही गोष्ट खोटी ठरेल. चार तारखेला अंबरपेठेत लोक बोलू लागले, की अकरावी धुणी मोडली म्हणून बाई मेली. मास्तराने आणि पोरीने मारली. महाराज तोवर गाशा गुंडाळून गेले होते. पुढल्या महिन्यात ते दुसऱ्या वस्तीत दुसऱ्या आंब्याखाली बसल्याचं ऐकलं. मी तिथेही गेलो, बशी घेऊन. अजूनही जातो.

शाळा सोडल्याचा दाखला न्यायला भामा बापाबरोबर आली. भिवाजीला उशिरा का होईना, हजर करून घेणार होते. मी दाखला लिहीत होतो आणि ती भिंतीवरच्या नियमांकडे बघत होती.

"गुरुजी, मी पयल्याच दिवशी दुसरा हात धुवून बघितला असता तर?"

मला खोटं बोलता आलं असतं. तिच्या वयाच्या मुलीशी ते बोलायलाही हवं होतं कदाचित. मी म्हणालो, "तर तुझी आई वाचली असती, असं वाटतं. पण दुसरा हात धुवायचा, हे मी तुला शिकवलं नव्हतं. तो नियम मी लिहिला आणि तो अर्धा लिहिला. आणि तीन दिवसांनी येईन म्हणालो होतो, तेही आलो नाही. हे माझ्या हातून फुटलं, भामा. सांगतो आहे."

भिवाजी दारात उभा होता. खडू कुठे आहे विचारावं तशा सहजपणे भामाने शाई मागितली. मी टाक आणि दौत दिली. ती बाकावर चढली. पहिल्या नियमावर तिने एक सरळ रेघ मारली, खालचं वाचता येईल अशी, आणि तिच्याखाली लिहिलं: डोळ्यांनी दिसलं तरी एक हात राखून ठेवा, आणि तो न पुसता धुवून बघा.

मग खाली उतरून तिने टाक पुसून दौतीपाशी ठेवला आणि बापाबरोबर गेली.

तो नकाशा अजून माझ्या वर्गात उलटा टांगलेला आहे. नवी मुलं येतात तेव्हा विचारतात, की चुकीचं वाक्य तसंच का ठेवलंय. मी त्यांना ही गोष्ट सांगतो, आणि आता तुम्हालाही सांगितली. तुमच्यापुढे कोणी चमत्कार केला आणि म्हणालं, स्वतःच्या डोळ्यांनी बघा, तर जरूर बघा. पण त्याने तुमचे दोन्ही हात पुसायच्या आधी एक मागे घ्या. तो रागावला, नियम मोडतो म्हणाला, शाप देईन म्हणाला, तरी घ्या. आणि घरात कोणी पिवळं पडलं असेल तर त्याच दिवशी डॉक्टरकडे न्या. दहाव्या दिवशी आम्ही नेलं होतं.